धानसिडीकाठची घार

मंगळवार, रात्री उशिरा

आज संध्याकाळपासून बंगाली कवी जीवनानंद दास यांच्या ‘हाय चिल’ (चिल म्हणजे घार) या कवितेपाशी अडून बसलो आहे. शेजारी आयरिश कवी येट्सची, १८९९ सालच्या संग्रहातली, कर्ल्यू या पाणपक्ष्याला उद्देशून लिहिलेली छोटी कविता उघडी आहे. पक्ष्या, आता रडू नकोस, तुझ्या रडण्याने तिचे डोळे आठवतात, हा गाभा दोन्हीकडे एकच असल्यामुळे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. कलकत्त्यात इंग्रजीत एम. ए. होऊन आयुष्याचा बराच काळ तोच विषय शिकवणाऱ्या माणसाने येट्स वाचला नसता तरच नवल. पण कर्ल्यूची सोनेरी पंखांची घार झाली, पश्चिमेच्या पाण्याऐवजी पूर्व बंगालातल्या बरिसालकडची धानसिडी नदी आली, ओल्या ढगांची दुपार आली आणि वासनेने मंदावलेले डोळे वेताच्या फळासारखे म्लान झाले. वेताचे फळ ज्याने हातात घेतलेले नाही, त्याला ही उपमा सुचणे शक्य नाही.

येट्सच्या कवितेतले लांब, जड केस मात्र इथे नाहीत. ते मला दासांच्याच ‘वनलता सेन’ या कवितेत सापडल्यासारखे वाटले, विदिशेच्या जुन्या काळोख्या रात्रीसारखे (हा माझा तर्क, समीक्षक तिथे बहुधा अमेरिकन कवी एडगर अॅलन पोच्या ‘टू हेलन’ या कवितेतल्या हेलनकडे बोट दाखवतात). तेही खरेच आहे: थकलेला भटक्या, समुद्र, स्त्रीचे केस, प्राचीन नावांचे वैभव हे सारे पोकडे आहे. ग्रीस आणि रोमच्या जागी बिंबिसार, अशोक, श्रावस्ती आले, एवढे सांगून बहुतेक लेख थांबतात आणि मला तिथेच चुटपुट लागून राहते.

कारण पोची हेलन हातात दिवा घेऊन खिडकीच्या कोनाड्यात मूर्तीसारखी उभी आहे आणि अखेरपर्यंत एक शब्दही बोलत नाही. बंगालातल्या नाटोर गावची वनलता अंधारात समोरासमोर बसते, आणि बोलते. ‘एतदिन कोथाय छिलेन?’ हजार वर्षे चालून आलेल्या माणसाला ती ‘तू’ म्हणत नाही, बंगालीतले जवळिकीचे ‘तुमि’ही नाही, तर परक्या पाहुण्याला साजेसे आदरार्थी क्रियापद वापरते, आणि इंग्रजीतल्या एकाच ‘यू’मध्ये हे अंतर मावत नाही. मराठीत ‘इतके दिवस कुठे होतात?’ असे लिहून पाहिले. ‘आपण’ घातले की ओळ दरबारी होते, म्हणून तो शब्द खोडला आणि ‘होतात’वरच भिस्त ठेवली.