आई-बाबांच्या चालीने जपान

आज दिवसभर आई-बाबांच्या जपान प्रवासाची आखणी केली. आठवड्यात सहा शहरं दाखवणारी सहल नकोच, हे आधीच ठरलं होतं. टोकियो, कानाझावा, क्योतो, बास. प्रत्येक ठिकाणी चार-चार रात्री आणि प्रवासाच्या दिवशी दुसरं काहीच नाही. टोकियो ते कानाझावा शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण अडीच-तीन तास.

मला खरी काळजी बॅगांची होती. तिथे ‘ताक्क्युबिन’ सेवा आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोहोचते. बाबा लगेच म्हणाले, “मग जिन्यावर हिचा हात धरायला मी मोकळा!” किती बरं वाटलं ऐकून.

कानाझावाच्या केन्रोकुएन बागेत ६५ वर्षांवरच्यांना पासपोर्ट दाखवला की तिकीट लागत नाही. क्योतोत फुशिमी इनारी देवळाचा डोंगर पूर्ण चढायचा हट्ट नाही. देऊळ इनारी स्टेशनच्या अगदी समोर आहे, लाल कमानींखालून झेपेल तेवढंच चालायचं.

ज्येष्ठांना नेणार असाल तर औषधं आधी तपासाच. सुडोएफेड्रिन हा घटक जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानमध्ये नेता येत नाहीत. उद्या डॉक्टरांकडून इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन घ्यायचंय.