साठीनंतरचा घाणा

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात लाकडी घाण्यावर जवसाचं तेल काढायला आम्ही 2021 मध्ये सुरुवात केली. मी तेव्हा साठी ओलांडलेली होती. त्याआधीची सगळी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, मेकॅनिक म्हणून. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. पेन्शन नावालाच, पण मुलगा हाताशी आलेला, घर बांधून झालेलं, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. चिंता दिवसाची होती. सकाळी ड्युटीच्या वेळेला डोळा उघडायचा आणि उठून करायचं काय, ते कळायचं नाही. पारावर जाऊन बसावं तर तिथं रोज कोणाची शुगर किती आणि कोणाच्या पोरानं पुण्यात फ्लॅट घेतला, एवढंच. घरातलं सगळं माझ्यावाचून सुरळीत चालत होतं. ते जास्त लागायचं.

गावातल्या एका तेल्याच्या घरामागं जुनं उखळ पडलेलं होतं. बैलघाणा बंद पडून कैक वर्षं झालेली. त्यात मी सहज हात घातला, तर आतली बाजू तेलानं काळी आणि काचेसारखी गुळगुळीत. लाट, म्हणजे उखळात फिरणारा लाकडी दांडा, जिथं जोर देते तिथली झीज बोटाला लागत होती. कोणत्याही पार्टची झीज बघितली की तो कसा चालत असेल ते माझ्या डोळ्यांपुढं उभं राहतं, इतक्या वर्षांच्या नोकरीनं हात आणि डोळे तसे तयार झालेत. त्या रात्री झोप लागली नाही, आणि कितीतरी दिवसांनी ती अशा चांगल्या कारणानं लागली नाही.

मग माहिती काढत सुटलो. आमच्याच वर्धा जिल्ह्यात, मगनवाडीला, 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. तिथं तेलघाणीवर प्रयोग झाले आणि सुधारलेली मगनवाडी घाणी पुढं नावाजली गेली. कमी जोरात जास्त तेल कसं निघेल, हा प्रश्न तिथल्या लोकांनी किती मनापासून घेतला होता! हे वाचून मला धीर आला. आपण काही जगावेगळं करत नाही, याच मातीतलं सुटलेलं काम पुन्हा हातात घेतोय, असं वाटलं.

पैशाचं मात्र जड गेलं. एका बँकेत साहेबांनी कागद बघायच्या आधी माझं वय विचारलं. शेवटी सूनबाईच्या नावानं प्रकरण केलं. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत तेव्हा 35 टक्के अनुदान मिळत होतं, कमाल 10 लाखांपर्यंत. त्यातून एक घाणा, मोटार, चाळणी आणि स्टीलच्या टाक्या झाल्या. कागदोपत्री मालकीण सूनबाई. हिशेब, बिलं, फूड लायसन्स सगळं तीच बघते.

पारावरचे म्हणाले, "आता या वयात काऊन तरास करून घेता जी?" मी म्हटलं, तरासच पाहिजे होता बाप्पा.

जवसच का, हे सगळे विचारतात. आमच्या लहानपणी काळ्या जमिनीत, नुसत्या ओलीवर रब्बीत जवस यायचं. माघात निळ्या फुलांनी वावर भरून जायचं. पुढं सोयाबीन आलं, विहिरीला मोटारी बसल्या तशी गहू-चण्याची ओढ लागली आणि जवस धुऱ्यापुरतं उरलं. आता काही जण परत पेरताहेत. रोही (नीलगायी) आणि डुकरं जवसाला सहसा तोंड लावत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे. चण्याची राखण करून थकलेल्या माणसाला हे कारण पुरेसं आहे. पीकही त्यांचं आणि गाळायची सोयही गावात, म्हणून धान्य अडत्याकडं न जाता आमच्याकडं येऊ लागलं.

हे तेल मात्र नाजूक. हवेत ते सुकून घट्ट होतं. म्हणून तर रंगकामात आणि क्रिकेटच्या बॅटीला ते चालतं. खाण्याच्या तेलाला हाच गुण आड येतो. उखळाच्या काठाला राहिलेला थर सकाळी वॉर्निशसारखा चिकटून बसतो आणि पुढच्या वेळच्या तेलाला खवट वास लावतो. त्यामुळे कितीही उशीर झाला तरी घाणा पुसल्याशिवाय मी घरी जात नाही. आधी कोरडी ढेप, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, फिरवायची, मग सुती फडकं. हे काम मी कोणाला देत नाही. घाणा सावकाश फिरतो, तेल तापत नाही. जवस भरडत आलं की थोडा पाण्याचा हबका मारायचा. आवाज बदलतो, कोरडी करकर जाऊन दमदार घुमा येतो, आणि मग तेल सुटतं. किती पाणी ते कोणत्याही कागदावर लिहिलेलं नाही. त्या दिवशीच्या दाण्यावर, हवेवर आहे. दहा किलो जवसाला तीन किलोच्या आसपास तेल हाती येतं. दोन-तीन दिवस निवळू द्यायचं, गाळ खाली बसला की वरचं गडद रंगाच्या बाटल्यांत भरायचं, कारण उजेडही त्याला सोसत नाही.

पहिल्या वर्षी शेजारच्या गावची एक म्हातारी नातवाच्या गाडीवर बसून आली. तळहातावर चार थेंब घेतले, वास घेतला, चाटून पाहिलं. "हा तं माह्या मायच्या घरचा वास होय," म्हणाली आणि तिथंच पोत्यावर बसून राहिली. तळणाला हे तेल नको, लसणाच्या चटणीवर नाहीतर गरम झुणका-भाकरीवर कच्चंच घ्या, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. त्या म्हातारीला सांगावं लागलं नाही, तिनंच मला सांगितलं.

आमच्या हिनं चटणीचं काम उभं केलं. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजणं तिच्याच हातचं. मदतीला गावातल्या दोन बाया येतात, दोघीही साठीच्या पुढच्या. ढेप गाईम्हशींना जाते. निवृत्त पोस्टमन मित्र पार्सलं बांधतो. पत्ता वाचून गाव कुठं आहे ते सांगतो, सोबत तिथला पिनकोडही. नफा मोठा नाही. पण सकाळी शटर उघडायच्या आधी कोणीतरी पोतं घेऊन ओट्यावर बसलेलं असतं, "मिस्त्री, आज नंबर लागन का?" म्हणून विचारतं. पगाराच्या दिवसांतही मला असं कोणी वाट बघत बसलेलं आठवत नाही.

यंदा करडईसाठी दुसरा घाणा घेतोय. करडईचं टरफल जाड, तिची चाल वेगळी, त्यामुळे लाटेचा कोन किती ठेवायचा यावर सध्या माझं आणि सुताराचं रोज भांडण चालू आहे. ज्यांच्याकडं स्वतःचं जवस आहे त्यांनी चाळून, वाळवून आणावं, मजुरीवर गाळून देऊ. ढेप ज्याची त्याला परत. सोमवारी घाणा बंद असतो.