ट्रेलरमधली माय

ग्राहक आयोगात वकिली करताना ताबा न देणारे बिल्डर आणि दावा नाकारणाऱ्या विमा कंपन्या रोजच्याच. सिनेमाच्या ट्रेलरविरुद्ध तक्रार घेऊन मात्र माझ्याकडे त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी आलं. काटोलकडचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. हातात तिकिटं, मोबाईलमध्ये ट्रेलर.

"वकीलसाहेब, पैशासाठी नाही आलो जी. ट्रेलरमध्ये कापसाच्या वावरात एक माय रडून राहिली. तिच्यासाठी आम्ही घरचे सारे नागपूरले आलो. अन् सिनेमात ते वावरच नाही! मग दाखवलं काहून?"

कायद्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते गुरुजींच्या बाजूचं नव्हतं. २०१६ च्या 'फॅन' चित्रपटाच्या जाहिरातीत गाजलेलं गाणं प्रत्यक्ष सिनेमात नव्हतं, म्हणून आपल्याच औरंगाबादच्या एका शिक्षिकेने तक्रार केली होती. राज्य आयोगाने तिला १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च मंजूर केला. राष्ट्रीय आयोगानेही तो आदेश कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ रोजी तो रद्द केला. ट्रेलर एकतर्फी असतो, लोकांनी तिकीट काढावं एवढाच त्याचा हेतू. तो करारही नव्हे आणि वचनही नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं.

"म्हणजे खोटं दाखवलं तरी चालते?" गुरुजींनी विचारलं.

त्यांना असंच परत पाठवणं मला जमेना. फाइल मिटली आणि ट्रेलर लॅपटॉपवर लावला. थांबवत थांबवत, मागे घेत पाहिला.

आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र, मग महोत्सवांच्या मानचिन्हांची सोनेरी पानं, मग 'राष्ट्रीय पुरस्कारविजेत्या दिग्दर्शकाचा'. कथेचा एक शब्दही अजून आलेला नाही, तरी आपण सावरून बसतो. मन वळवण्याचे तीन मार्ग अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवलेत: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. आम्ही वकील जन्मभर त्यांवरच जगतो. पत तर पहिल्या काही सेकंदांतच उभी राहिली होती.

मग ढोल एकदम थांबतो. नुसता श्वास ऐकू येतो, आणि ती माय. पदराच्या टोकाला कापसाची फुटलेली बोंडं, ओठ हलतात, शब्द नाहीत. गुरुजींनी चष्मा काढला. हे दृश्य त्यांनी कितीतरी वेळा पाहिलं असेल, तरीही. विदर्भातल्या माणसाला कापसाच्या वावरातली रडणारी बाई दाखवली की पुढची गोष्ट सांगावी लागत नाही, ती आपल्याच घरातून आलेली असते.

पण खरी करामत त्यापुढे होती. अधिकारी विचारतो, "विहीर कोणी बुजवली?" लगेच माय मान वर करते. पाहणारा ठरवून टाकतो की हिला माहीत आहे. मी तिथेच थांबवून गुरुजींना उजेड दाखवला. अधिकाऱ्याच्या खिडकीत भर दुपार, मायच्या तोंडावर सांजेचं पिवळं ऊन. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळ्या वेळा. प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. दोन तुकडे शेजारी ठेवले की प्रेक्षक स्वतःच अर्थ जुळवतो, हे लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. इथे त्या जोडणीने युक्तिवादाचं काम केलं होतं.

कलेला मोकळीक हवी, हे न्यायालयाचं म्हणणं मला मनापासून पटतं. ट्रेलर बाहेर पडल्यावरही सिनेमाची कापाकापी चालू असते, चांगली दृश्यंही जातात. माझी अडचण वेगळी आहे. फसव्या जाहिरातीत कायदा खोटं विधान शोधतो, मग ते उघड असो वा सूचित. या ट्रेलरमध्ये उघड खोटं असं एकही वाक्य नाही. विधान तयार झालं ते गुरुजींच्या मनात, आणि ते तिथेच व्हावं म्हणून कोणीतरी कात्री चालवली होती. हे आयोगापुढे सिद्ध कसं करणार?

गुरुजी बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे पाहत होते. मग म्हणाले, "केस नको. पत्र लिहू."

पत्र त्यांनीच लिहिलं, शाळेतल्या वळणदार अक्षरात. मागणी एकच: सिनेमातून वगळलेली दृश्यं ट्रेलरमध्ये असतील, तर शेवटी तशी पाटी दाखवा. निर्मात्याचा पत्ता मी शोधून दिला आणि सिव्हिल लाईन्समधूनच आम्ही ते स्पीड पोस्टने धाडलं.