आमची वाटचाल : बाल्सा, बांबू आणि बॅटरी

आमच्याकडे रिमोटवर उडवायचं छोटं विमान तयार मिळत नाही. फोन आला की हे आम्ही आधीच सांगून टाकतो. मिळतं ते किट : कापलेले भाग, मोटर, सर्व्हो (विमान वळवणाऱ्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर), पंखा, तारा, स्क्रूंची पुडी आणि मराठीतली पुस्तिका. विमान घरी बसून तुम्हीच जोडायचं. सांगलीत २०१२ पासून आम्ही हेच काम करतो आहोत, आणि हेच का करतो ते आज जरा सविस्तर सांगावंसं वाटतं.

पुण्यात शिकत असताना मी एनसीसीच्या हवाई शाखेत होतो. एरोमॉडेलिंगची, म्हणजे छोटी विमानं बांधून उडवण्याची, गोडी तिथली. तेव्हा विमानाला ग्लो इंजिन असायचं. मिथेनॉल आणि एरंडेल घातलेलं इंधन, सुई फिरवून फिरवून जमवायचं मिश्रण आणि उड्डाण झालं की अंगभर तेलाचे शिंतोडे. इलेक्ट्रिक विमानाचं स्वप्न तसं जुनं आहे. इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी १९५७ सालीच विजेवर चालणारं रेडिओ कंट्रोल विमान उडवलं होतं. अडचण वजनाची होती. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या इतक्या जड की अर्धी ताकद स्वतःला उचलण्यातच जायची. ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी आल्यावर सगळं पालटलं, कारण तेवढ्याच वजनात तिप्पट वीज मावू लागली.

पुढे नोकरी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये. एका शनिवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो, लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घातली आणि एक मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, चार छोटे सर्व्हो आणि तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी घेऊन परतलो. पंख बायोफोम नावाच्या हलक्या फोमचे केले, आत बांबूच्या कामट्या घातल्या, चाकांसाठी सायकलचे स्पोक वाकवले. बुधगावकडे शाळू निघालेल्या एका रानात ते पहिल्यांदा हातातून सोडलं. त्याने नाक वर केलं, क्षणभर उभंच राहिलं आणि शेपटीवर आपटलं.

चूक तिथेच कळली. गुरुत्वमध्य मागे गेला होता. पंखाची रुंदी २०० मिलिमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून ५० ते ६० मिलिमीटरवर बोटं टेकवून विमान उचलावं आणि ते सपाट राहावं, हा नियम मला पाठ होता. घाईत तपासला नव्हता. बॅटरी तीन सेंटिमीटर पुढे सरकवली, मोडलेली शेपूट जागेवरच टेपने चिकटवली आणि तासाभरात तेच विमान बांधावरून वळून परत आलं. विमान मीच बांधलेलं होतं म्हणून मला ते तिथल्या तिथे उभं करता आलं. आमच्या व्यवसायाचं मूळ त्या तासाभरात आहे.

शेजारच्या एका गुरुजींनी शाळेसाठी पाच संच मागितले. स्वयंपाकघराच्या फरशीवर माझ्या पत्नीने कटरने भाग कापले, मी सोल्डरिंग केलं. पुढे पाचाचे तीस झाले तेव्हा एका नेमप्लेटवाल्याकडून लेझरवर भाग कापून घेऊ लागलो, आणि २०१७ मध्ये कर्ज काढून ८० वॉटचं स्वतःचं यंत्र आणलं. नवीन मंडळींना एक कळकळीने सांगतो : जाहिरातींच्या पाट्यांचा सनबोर्ड लेझरवर कधीही घालू नका. तो पीव्हीसी असतो, जळताना क्लोरिनयुक्त विषारी वायू सुटतो, छातीलाही घातक आणि यंत्राच्या रेल्सही गंजतात. आम्ही फोम आजही तापलेल्या नायक्रोमच्या तारेने आणि सुरीनेच कापतो.

मध्ये एक वर्ष आम्हीही वाट सोडली. एका व्यापाऱ्याच्या आग्रहाने बाहेरून आलेली तयार फोमची विमानं विकायला ठेवली. खप चांगला झाला, पैसेही आले. पण महिन्या-दोन महिन्यांत मुलं नाक मोडलेली विमानं घेऊन दारात उभी राहू लागली आणि सुटे भाग ना आमच्याकडे, ना त्या व्यापाऱ्याकडे. एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर तासगावहून आला होता. "काका, हे परत उडंल का?" त्याच्या हातात दोन तुकडे होते आणि मला त्या साच्यातल्या फोमच्या आत काय आहे हेच ठाऊक नव्हतं. त्याला आमचं एक किट दिलं आणि उरलेली विमानं व्यापाऱ्याला परत पाठवली. तो निर्णय आजही बदललेला नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं वर्कशॉप तळमजल्यावर. यंत्र वर चढवायला वेळच मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर बाल्साच्या हलक्या लाकडाचे गठ्ठे फुगून एकमेकांत रुतलेले, मोटरींच्या बेअरिंगमध्ये गाळ, आणि भिजलेल्या बॅटऱ्यांचे पापडासारखी फुगलेली पाकिटं. त्या बॅटऱ्या मोकळ्यावर नेऊन मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या आणि मग रीतसर विल्हेवाट लावली. आमच्याकडे तेव्हा कामाला असलेल्या तीन बायकांची घरंही पाण्यात होती, तरी तिघी आठवड्याभरात परत आल्या. सर्व्हो उघडून, पुसून, एकेक चालवून बघितला. शंभरातले चाळीसेक वाचले. ते विकले नाहीत, शाळांच्या शिबिरांत वापरले.

सावरतोय तोच २०२० मध्ये बाल्साचे भाव भडकले. हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरमधून येतं आणि पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यात तेच लागतं. त्या वर्षी चीनमध्ये पवनचक्क्या झपाट्याने उभ्या राहत होत्या, त्यामुळे आमच्यासारख्या छोट्या गिऱ्हाइकाला माल मिळेना. तेव्हा मी बुरूड आळीत गेलो. टोपल्या विणणाऱ्या मावशींनी जुना, वाळलेला बांबू निवडून दिला, एकसारख्या कामट्या कशा फाडायच्या ते दाखवलं. आता आमच्या ट्रेनरच्या, म्हणजे नवशिक्यांच्या विमानाच्या, पंखात बांबूचीच कामटी असते. बाल्सा फक्त शेपूट, रिब (पंखातल्या फासळ्या) आणि कडांपुरता उरला.

तो बाल्सा निवडतात आमचे चाचा. मिरजेत सतार आणि तंबोरे करण्यात त्यांची हयात गेली. तीन मिलिमीटर जाड, शंभर मिलिमीटर रुंद, मीटरभर लांब अशा दोन पट्ट्या दिसायला एकसारख्या, पण एक ३५ ग्रॅम भरते तर दुसरी ७०. चाचा पट्टी दोन बोटांत टोकाजवळ लटकती धरतात, मधोमध नखाने टिचकी मारतात आणि कान जवळ नेतात. टणक वाजली तर ती पंखाच्या कडेसाठी, मऊ बोलली तर शेपटीसाठी. मी नंतर काट्यावर ठेवून बघतो. क्वचितच काही बदलावं लागतं. शेपटीत दहा ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात पंचवीस-तीस ग्रॅम घालावे लागतात, म्हणून त्यांच्या कानाचं मोल मोठं.

आमचा ट्रेनर आज १२०० मिलिमीटर पंखविस्ताराचा आहे, बॅटरीसकट वजन साधारण ८५० ग्रॅम. हजार केव्हीची (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे घेणारी) मोटर, दहा इंची पंखा, एका चार्जवर दहा-बारा मिनिटं. ट्रान्समीटरवर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद करणारी सोय) लावल्याशिवाय उडवू नका, हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलं आहे. बॅटरी आम्ही विमानमार्गाने जाणाऱ्या कुरिअरने पाठवत नाही. लिथियमचा माल धोकादायक गणला जातो आणि ते योग्यच आहे. रस्त्याने जाते, उशीर होतो, ग्राहक समजून घेतात. बॅटरी पडून राहणार असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, भरलेली ठेवलीत तर वर्षभरात मरते.

नियमांबद्दल रोज विचारणा होते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे दोन किलोपर्यंतचं यान हौसेसाठी उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. मात्र डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते बघायचं आणि ४०० फुटांच्या वर जायचं नाही. गर्दीवरून, रस्त्यावरून तर कधीच नाही.

सध्या पंधराशे मिलिमीटर पंखविस्ताराच्या मोटर-ग्लायडरवर (मोटर बंद करूनही तरंगणाऱ्या विमानावर) काम चालू आहे. पंखाचं टोक दोनदा पिळवटलं, तिसरं चाचांनी काल फळीला पिना मारून वाळत ठेवलंय. शाळू निघाला की रविवारी सकाळी सातला आम्ही बुधगावच्या त्याच रानात असतो. नऊनंतर वारा सुटतो. तुमचं विमान मोडलेलं असेल तरी घेऊन या, सोल्डर आणि टेप आमच्या गाडीत असतोच.