डमरूची कंबर

जपानच्या टूरमध्ये हाकोदाते शहराचा डोंगरावरून दिसणारा रात्रीचा देखावा म्हणजे आमचं हुकमी पान. जूनमधल्या त्या संध्याकाळी तेच हातातून गेलं. रोपवेची १२५ माणसांची केबिन तीन मिनिटांत वर पोचली, दारं उघडली, तर बाहेर धुकं! पावसाळ्यात महाबळेश्वरला असतं तसं, कठड्यापलीकडे जगच नाही.

"एवढ्यासाठी आणलंत होय?" एका काकूंनी सगळ्यांच्या वतीने विचारलं. टूर मॅनेजरला हवामानाबद्दलही माफी मागावी लागते. मागितली.

हा डोंगर विझलेला ज्वालामुखी आहे हे मी दर टूरला सांगतो आणि कुणी ऐकत नाही, कारण खाली दिवे असतात. आज दिवेच नव्हते. ग्रुपमधले भूगोलाचे निवृत्त सर म्हणाले, "ज्वालामुखी ना? मग तोंड कुठंय?"

"झिजून गेलं, सर. उरलंय ते हे ३३४ मीटरचं धूड. लांबून बसलेल्या गाईसारखं दिसतं, म्हणून याला गाग्यूझानही म्हणतात."

आतल्या काचेवर वाफ धरली होती. तिच्यावर बोटाने खाली एक लहान गोळा काढला, वर एक मोठा. खालचा हा डोंगर, मुळात बेट. वरचा होक्काइदो, जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट. लाटांनी वाळू आणून आणून मध्ये दांडा घातला आणि हजारो वर्षांत दोन्ही जोडले गेले. त्या अरुंद पट्टीवर शहर. एका अंगाला बंदर, दुसऱ्या अंगाला त्सुगारूची सामुद्रधुनी.

"अगंबाई, हा तर डमरू!" काकूंनी काचेचा फोटो काढला.

मग मीही सुटलो. १८९८ मध्ये लष्कराने इथे तोफांचे बुरूज बांधायला घेतले, रशियाची धास्ती होती. १९४६ पर्यंत सामान्य माणसाला वर यायची बंदी, डोंगराचा फोटो काढायचीही. चंगळ झाली ती झाडांची. आज सुमारे ६०० जातींच्या वनस्पती आहेत.

"म्हणजे त्यांना अर्धं शतक व्ह्यू नाही, आपल्याला एक संध्याकाळ," मागून कुणीतरी पुटपुटलं. हसू फुटलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

उतरताना शेवटच्या मिनिटाला केबिन धुक्याच्या खाली आली. दोन्हीकडे काळा समुद्र, मध्ये दिव्यांची आवळलेली पट्टी.

"कंबर! कंबर दिसली!" सर एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे जपानी आजोबा दचकले.

काकूंची मात्र काचेकडे पाठ होती. त्या डमरूचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत होत्या.