आमची वाटचाल : मॅटिंगलीच्या कार्डांवर तगलेलं दुकान

गेल्या वर्षी इथल्या एका स्थानिक वर्तमानपत्राने 'या भागातलं सर्वांत जुनं बेसबॉल कार्डांचं दुकान' म्हणून आमच्या समोरच्या दुकानदाराचा फोटो छापला. छापोत बापडे. आमच्या विक्रीकराच्या दाखल्यावर १९८८ साल आहे, आणि त्यांचं शटर पहिल्यांदा वर गेलं तेव्हा आमच्या काउंटरला दुसऱ्यांदा रंग लागला होता. हे कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून हा प्रपंच.

दुकान न्यू जर्सीत, रूट २७ ला लागून. मूळचं मेहुण्यांचं, पेपर, सिगारेट, लॉटरीची तिकिटं. १९८७ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या डॉन मॅटिंगलीने लागोपाठ आठ सामन्यांत होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारले आणि बापाबरोबर पेपर घ्यायला आलेली पोरं काउंटरवर चिल्लर ओतून खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांची पाकिटं मागायला लागली. त्याच मोसमात त्याने सहा ग्रँड स्लॅम मारले, म्हणजे तिन्ही तळांवर आपली माणसं असताना होमरन, एका फटक्यात चार धावा. गंमत म्हणजे त्या मोसमाआधी एकही नाही आणि नंतरही एकही नाही. माझा नागपूरचा मित्र तेव्हा इथे नोकरीला होता, दर शनिवारी दुकानात येऊन बसायचा. तो म्हणाला, "भाऊ, लॉटरी सोड, हे वीक. लॉटरी हरलेला माणूस शिव्या देतो. याच्यात हरला तरी उद्या पुन्हा येतो." वर्षभरात आम्ही दोघं भागीदार झालो.

डोळा त्यानेच तयार केला माझा. कोपरे, कडा, पृष्ठभाग, सेंटरिंग (चित्र कार्डाच्या बरोबर मधे आहे का), याच क्रमाने बघायचं आणि खेळाडूचा चेहरा सगळ्यांत शेवटी, असा त्याचा दंडक. चेहरा आधी बघितला की भाव वाढतो म्हणे. आमच्या गल्ल्यापाशी अजूनही त्याचं दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, पितळी, एका बाजूने चेपलेलं. त्यातून १९८४ चं डॉनरस कंपनीचं मॅटिंगली, त्यांच्या संचातलं क्रमांक २४८, इतक्या वेळा पाहिलंय की खालच्या पिवळ्या नागमोडी रेषा डोळे मिटूनही काढून दाखवीन. अस्सल कार्डावर चित्र रंगीत ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं सलग शाईची. नकली कार्ड म्हणजे अस्सल कार्डाचा फोटो, त्यामुळे त्यात अक्षरंही ठिपक्यांत फुटलेली दिसतात. नाव बघा, आडनावातले दोन 'टी' बघा. तेवढ्यावर आम्ही किती जणांना हात जोडून परत पाठवलंय.

बाकीच्या दोन कंपन्यांचं त्याच वर्षीचं मॅटिंगली म्हणजे टॉप्स क्रमांक ८, फ्लीअर क्रमांक १३१. टॉप्सच्या पाकिटात च्युइंग गम असे, आणि त्याला चिकटलेल्या कार्डाच्या पाठीवर डाग पडे. डॉनरसला कोर्टाच्या निकालामुळे गम घालता येत नव्हता, म्हणून ते चित्रकोड्याचे तुकडे घालत. १९८४ साली ड्यूक स्नायडर या जुन्या खेळाडूच्या चित्राचं कोडं होतं. ते तुकडे लोक फेकून देत. आमच्या भागीदाराने एक पिशवीभर जमवले होते, कशासाठी ते त्यालाच ठाऊक.

आता मुद्द्याचं. १९९४.

त्याआधीची चार-पाच वर्षं कंपन्यांनी कार्डं छापली म्हणजे काय छापली! वितरक सांगे, चालणाऱ्या मालाची एक पेटी हवी तर न चालणाऱ्या मालाच्या तीन उचला. उचलल्या नाहीत तर पुढच्या वेळी तुमचं नाव यादीत शेवटी. मागची खोली छतापर्यंत भरली. त्यात १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप झाला, आणि सप्टेंबरात वर्ल्ड सिरीजच, म्हणजे मोसमाची अंतिम लढतच, रद्द. यांकीज तेव्हा दोन लीगांपैकी त्यांच्या अमेरिकन लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे होते. मॅटिंगली १९८२ पासून त्यांच्याकडे, आणि तोवर एकदाही पोस्टसीझन (मोसमानंतरचे बाद फेरीचे सामने) खेळला नव्हता. पाठ दुखावलेली, वय चढलेलं, आणि जे वर्ष हातातोंडाशी आलं तेच मोसमासकट बुडालं. आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं खेळाडूंवर चिडली, मालकांवर चिडली, आणि राग काढला कार्डांवर. मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून साठवलेली खोकी डिकीत घालून लोक दुकानात आणायला लागले. घेणार कोण?

वितरकाने उधारी बंद केली. जागेच्या मालकाने भाडं वाढवायला नेमका तोच मुहूर्त काढला. आमची ही एका दवाखान्यात हिशेब बघायची, तिच्या पगारावर घर चाललं. भागीदाराने हिशेब मांडला, आपला हिस्सा मागितला नाही, आणि नोकरीसाठी टेक्सासला गेला. जाताना भिंग ठेवून गेला. (कोड्याच्या तुकड्यांची पिशवी मात्र नेली.)

आणि याच दिवसांत समोर नवीन दुकान उघडलं. रोषणाई, काचेची कपाटं, दारात पुठ्ठ्याचा माणूसभर उंच खेळाडू. स्पर्धेचं मला काही नाही. पण तिथून पुड्या सुटायला लागल्या की आम्ही कार्डांच्या कडा कातरून विकतो. या धंद्यात याहून वाईट आळ नाही. झिजलेली कड केसभर कातरली की कोपरे नव्यासारखे टोकदार दिसतात, आणि कार्डाची किंमत मात्र जवळजवळ शून्य होते. एकाने ऐकलं, दहांना सांगितलं. शनिवारची गर्दी पातळ झाली.

इथे आमच्या टपालवाल्या काकांबद्दल लिहायला हवं. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. इटालियन वंशाचे, आमच्याच भागात टपाल वाटायचे. आमची ही त्यांना 'काका' म्हणायची, अर्थ कळल्यावर तेही फोनवर "काका बोलतोय" असं सांगायला लागले. ते फक्त मॅटिंगली घेत. बाकी कोणाचं कार्ड फुकट दिलं तरी नको. त्यांच्या वहीत सगळं टिपलेलं: १९८५ चं डॉनरसचं डायमंड किंग (फोटोऐवजी रंगवलेलं चित्र असलेलं), कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीचं पाठीवर फ्रेंच मजकूर असलेलं, ग्रीन्सबरो आणि नॅशव्हिलच्या दुय्यम संघांतल्या दिवसांची, बिस्किटांच्या आणि केकच्या खोक्यांवरून कापायची.

पुडी त्यांच्या कानावर गेली. पुढच्या शनिवारी ते गणवेशातच आले, आमच्याकडूनच घेतलेलं २४८ क्रमांकाचं कार्ड घेऊन. ते त्यांनी कव्हरमधून काढलं. मग आमच्या एक डॉलरच्या खोक्यातून १९८४ च्याच डॉनरसची चार फालतू कार्डं उचलली, मॅटिंगलीला मधे घातलं आणि गठ्ठा काउंटरवर उभा ठोकला. आधी लांब बाजूवर, मग आखूड. दुकानात सात-आठ माणसं होती, त्यांतली दोन समोरच्यांची नेहमीची. काकांनी एकेकाला बोलावून गठ्ठ्याच्या डोक्यावरून नख फिरवायला लावलं. कातरलेलं कार्ड असेल तिथे नख खाली उतरतं. उतरलं नाही. मग खिशातून पोलादी पट्टी काढली: अडीच इंच, साडेतीन इंच. कड उजेडात तिरकी धरली. कारखान्यातल्या कापाचा तो किंचित खरबरीतपणा तसाच होता. काका एवढंच म्हणाले, "आता समोर जाऊन सांगा." आणि उरलेलं टपाल वाटायला निघून गेले.

समोरच्यांनी आजतागायत माफी मागितलेली नाही. मध्यंतरी एका कार्ड शोमध्ये आमचं टेबल शेजारी आलं तेव्हा हसून हात मात्र पुढे केला. मी टेप शोधत होतो.

तो पडता काळ आम्हाला काकांसारख्यांनी काढून दिला. त्यांनी सांगून ठेवलं होतं की मॅटिंगलीचं जे येईल ते बाजूला ठेवायचं, पैसे महिन्याच्या सुरुवातीला. त्यांचं बघून आणखी काही जण आले. कोणी रिपकनवाला, कोणी टोनी ग्विनवाला, जो तो आपल्या एका खेळाडूचा. भाव चढेल म्हणून घेणारे गेले, आपल्या माणसासाठी घेणारे राहिले. १९९५ च्या ऑक्टोबरात मॅटिंगलीला अखेर पोस्टसीझन मिळाली. सिएटलविरुद्ध पाच सामने, फलंदाजीची सरासरी .४१७, दुसऱ्या सामन्यात होमरन. आणि पाचव्यात अकराव्या डावात यांकीज हरले. तो त्याचा शेवटचा सामना. पुढच्याच वर्षी यांकीजनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या रात्री इथे फटाके वाजले. काका दुसऱ्या दिवशी आले ते थेट १९८६ च्या खोक्याकडे.

हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या दालनाचं, तर विचारूच नका. लागतात ७५ टक्के मतं, याला पत्रकारांनी २००१ साली पहिल्याच खेपेला २८.२ दिली आणि पंधरा वर्षांत तो आकडा पुन्हा गाठला नाही. क्षेत्ररक्षणासाठी नऊ गोल्ड ग्लव्ह, १९८५ चा एमव्हीपी (मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू), जर्सीचा २३ क्रमांक यांकीजनी निवृत्त केलेला, आणि हे काय ते! पण ज्याचं हॉलमध्ये नाव नाही त्याच्या कार्डांवर सटोडिये झडप घालत नाहीत, म्हणून साध्या पगाराच्या माणसाला तो संग्रह परवडतो. संग्रहासाठी निवृत्त खेळाडू निवडणाऱ्याला मी हेच सांगतो.

पुढची पंचवीसेक वर्षं दुकान चाललं.

२०२० च्या टाळेबंदीत लोकांना माळ्यावरची खोकी आठवली आणि फोन थांबेना. २०२१ च्या मार्चमध्ये पीएसए या कंपनीने ग्रेडिंगचे (कार्ड तपासून दर्जा ठरवून देण्याचे) स्वस्त दर बंद केले, इतका ढीग साचला होता. तेव्हा जे सांगत होतो तेच आजही सांगतो, कोणी विचारो न विचारो: प्रत्येक कार्ड ग्रेडिंगला पाठवू नका. १९८८ ते ९३ ची बहुतेक कार्डं ग्रेडिंगच्या फीएवढीही नसतात. रबरबँड नको. जुने मऊ प्लॅस्टिकचे वास मारणारे अल्बम नकोत. तळघरात ठेवू नका, न्यू जर्सीच्या दमटपणात कार्ड पापडासारखं वळतं. आणि संग्रह पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका; निवृत्त होऊन तीस वर्षं झाली तरी टॉप्स याची सहीवाली, जर्सीचा तुकडावाली, एकच प्रत असलेली कार्डं काढतंच आहे.

काका आता फ्लोरिडाला असतात. २०२५ साली मॅटिंगली टोरंटोच्या संघाचा बेंच कोच (मुख्य प्रशिक्षकाचा मदतनीस) म्हणून पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोहोचला आणि सातव्या सामन्यात हरला, तेव्हा त्यांचा फोन आला होता. बोलणं झालं ते ओ-पी-चीच्या एका कार्डाबद्दल. त्यांच्याकडच्या प्रतीचं सेंटरिंग डावीकडे सरकलंय आणि चांगली हवी आहे. तुमच्यापैकी कोणी कॅनडात असेल, घरात ओ-पी-चीचं १९८४ चं क्रमांक ८ असेल, तर घेऊन या किंवा पाठवा. रास्त भाव देऊ. आधी साधं कव्हर, मग टॉपलोडर (कडक प्लॅस्टिकचं कव्हर), आणि वर रंगाऱ्यांची निळी टेप, टोक दुमडून. सेलोटेप लावून आलेलं पाकीट आम्ही उघडत नाही.