आमची वाटचाल : कोटेशनमधील एका ओळीसाठी

नाशिकमध्ये गेमिंगचा संगणक कमी खर्चात जोडून देणारी दुकाने आज पुष्कळ आहेत. त्यांच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांची नावे ठळक अक्षरांत असतात. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, रकान्यात मात्र ‘४५० वॅट’ एवढेच लिहिलेले असते. आम्ही कॅनडा कॉर्नरजवळच्या आमच्या लहानशा दुकानात २०१८ साली दिलेल्या पहिल्या कोटेशनपासून एसएमपीएसची कंपनी, मॉडेल आणि १२ व्होल्टच्या रेलवर (आउटपुटवर) तो किती अँपिअर देतो, हे लिहीत आलो आहोत. या ओळीमुळे आमचे दर शेजाऱ्यांपेक्षा नेहमीच हजार-दीड हजारांनी जास्त दिसले आणि त्यापायी आम्ही बरेच गिऱ्हाईक गमावले. तरीही ही ओळ आम्ही काढली नाही.

आमच्या सुरुवातीच्या ग्राहकांत सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारे एक काका होते. त्या दिवाळीत त्यांना मुलासाठी संगणक हवा होता आणि ग्राफिक्स कार्ड घेण्याएवढे पैसे हाताशी नव्हते. रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर तेव्हा नुकताच स्थिरावला होता. त्यातील व्हेगा ८ ग्राफिक्समुळे वेगळ्या कार्डाशिवायही हलके गेम चालत. असे ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरते, त्यामुळे ८ जीबीची एकच पट्टी लावण्याऐवजी ४ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या, तर ड्युअल चॅनलमुळे, म्हणजे दोन वाटांनी डेटा जात असल्यामुळे, त्याच पैशांत एफपीएस (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) लक्षणीय वाढतात. हे सारे काकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग काउंटरवर पडलेला एक स्वस्त एसएमपीएस उचलून, चष्मा वर करून, त्यांनी त्याचे लेबल वाचले आणि विचारले, “शेठ, १२ गुणिले २० म्हणजे २४०. मग डब्यावरचे ४५० आले कुठून?” आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे त्या रेलवरचे अँपिअर हीच एसएमपीएसची खरी ताकद असते. आम्ही त्यांना ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा, १२ व्होल्टवर ३६ अँपिअर, म्हणजे सुमारे ४३० वॅट देणारा ४५० वॅटचा एसएमपीएस आणि बी४५० मदरबोर्ड (सारे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड) दिला. ही दोन्ही नावे या लेखात पुन्हा येणार आहेत.

आमच्या टेबलावर फार साहित्य नाही. चुंबकीय टोकाचा लांब स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्लोअर आणि भिंतीच्या सॉकेटला लावायचा वॅट मीटर, एवढ्यावर काम चालते. यातील वॅट मीटर आम्हाला सर्वांत प्रिय आहे. जोडलेला प्रत्येक संगणक आम्ही कॅबिनेटची बाजू बंद करून, प्रोसेसर आणि कार्ड या दोघांवरही पूर्ण भार टाकून चालवतो आणि मीटरचा आकडा व तापमान बिलाच्या मागे लिहून देतो. नाशिकची हवा थंड म्हणून नावाजलेली असली, तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा ४०च्या घरात जातो. पुढे नुसती काच असलेल्या कॅबिनेटमध्ये पंखे कितीही रंगीत असले, तरी आत हवा शिरत नाही. जाळीचे तोंड असलेलेच कॅबिनेट घ्यावे.

पहिली दोन वर्षे चांगली गेली. त्यानंतर जे घडले, त्याने दुकान जवळपास बंद पाडले.

२०२० साली टाळेबंदीत सगळे घरी बसले आणि मागणी वाढली; त्याच सुमारास इथेरियम या डिजिटल चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे गणिते सोडवून ते चलन मिळवण्यासाठी, ग्राफिक्स कार्डे उचलली जाऊ लागली आणि चिपचाही तुटवडा पडला. २०२१मध्ये जीटीएक्स १६५० हे साधे कार्डसुद्धा आधीच्या दुप्पट किमतीला मिळेनासे झाले. आम्ही काही ग्राहकांकडून जुन्या भावाने आगाऊ रक्कम घेतली होती. ज्या वितरकाने माल देण्याचे कबूल केले होते, त्याने ऐनवेळी सांगितले, की कार्ड हवे असेल तर त्याच्यासोबत मदरबोर्ड आणि त्याच्याकडे पडून असलेले एसएमपीएसही घ्यावे लागतील. आम्ही ते घेतले, कबूल केलेल्या भावातच ग्राहकांना कार्डे दिली आणि फरक स्वतः सोसला. ते एसएमपीएस आम्ही एकाही गेमिंग संगणकात बसवले नाहीत. त्यांतील बरेचसे आजही माळ्यावर आहेत. दुकानाचे भाडे थकले. त्या काळात काकांनी आपल्या कारखान्यातील जुने संगणक आमच्याकडे पाठवले. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे, रॅम वाढवणे, धूळ काढणे या कामांवर आम्ही तग धरला. पुढे अंबडमधील दोन कारखान्यांचेही काम मिळाले, तेही त्यांच्याच शब्दावर.

याच सुमारास आमच्याच रस्त्यावर थोडे पुढे एक दुकान उघडले. ग्राहक आमच्याकडे तासभर बसून भागांची यादी करून घेत, मोबाइलवर तिचा फोटो काढत आणि तिथे जाऊन दोन हजार रुपये कमी करून घेत. बी४५०च्या जागी ए३२० मदरबोर्ड, दोन पट्ट्यांच्या जागी एक आणि एसएमपीएसच्या जागी कॅबिनेटसोबत फुकट येणारा डबा, एवढी काटछाट केली की दोन हजार सहज निघतात. २०२२मध्ये तिथे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड जुन्या बोर्डांवर सर्रास बसवले गेले. त्या कार्डाला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन आहेत, त्यामुळे पीसीआयई ३.० ही जुनी आवृत्ती असलेल्या बोर्डावर त्याचा वेग ठळकपणे घटतो, हे कोणत्याही ग्राहकाला सांगितले गेले नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलली, त्याचे कार्डांवरचे मायनिंग संपले आणि वापरून दमलेली कार्डे बाजारात आली. ती पुसून, खोक्यात घालून नवी म्हणून विकली गेली. जळालेल्या एसएमपीएसने सोबत मदरबोर्डही नेला, की ती यंत्रे दुरुस्तीसाठी आमच्याच टेबलावर येत. ‘नाशिकमधील पहिले गेमिंग दुकान’ अशी पाटी मात्र त्या दारावर बरेच दिवस होती, आणि ती आठवली की आम्हाला आजही त्रास होतो. ते दुकान आता नाही. कार्ड घेताना खोक्यावरचा, कार्डावरचा आणि जीएसटी बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे का, हे पाहावे आणि तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासावी.

काकांच्या मुलाला २०२० साली, भाव चढण्याआधी, आम्ही जीटीएक्स १६५० लावून दिले होते. ते ७५ वॅटवर चालणारे कार्ड असल्यामुळे बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबलही लागत नाही. पुढे भाव उतरल्यावर त्याच बी४५० बोर्डावर रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० बसवले. आरएक्स ६६००ला आठ लेन असल्यामुळे पीसीआयई ३.०वरही फारसा फरक पडत नाही, ते सुमारे १३२ वॅट घेते आणि कंपनी त्यासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा मानते. एसएमपीएस २०१८चाच होता. पूर्ण भारावर वॅट मीटर लावला तेव्हा काका स्वतः आकडा पाहायला वाकले आणि तो त्यांनी आपल्या वहीत टिपून घेतला.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव पुन्हा चढले आहेत. ज्यांच्याकडे चांगला बी४५० बोर्ड आणि डीडीआर४ रॅम आहे, त्यांनी डीडीआर५ या नव्या रॅमच्या मोहात पडून सगळे बदलू नये; प्रोसेसर बदलावा. फक्त नवा प्रोसेसर बसवण्यापूर्वी, जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्यावा, नाही तर पडद्यावर काहीच येत नाही. हे काम आम्ही दुकानात करून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही, मग यंत्र कोणीही जोडलेले असो.